ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधता? (स्क्रॅबल, वर्डल वगैरे)

सातफरशा

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या घरात सध्या ऑनलाइन स्क्रॅबलचं (पिशवीतून आलेल्या सात अक्षर-फरशांचे शब्द बोर्डवर मांडून गुण मिळवायचा खेळ) खूळ आलंय. मी डोंबिवलीत, आतेबहीण न्यू जर्सीत, मेव्हणा बंगळुरात. शनिवारी रात्री मांडलेला डाव रविवारभर रेंगाळतो. तिघांत माझं इंग्रजी बरं, असा माझा समज आहे (पोटापाण्याला तेच करतो), पण जिंकते कायम आतेबहीणच. ती मोठे शब्द लावायच्या भानगडीतच पडत नाही. 'ची' (क्यू-आय), 'झा' (झेड-ए), 'जो' (जे-ओ) असलं काहीतरी दोन अक्षरी काढते आणि चाळीस-पन्नास गुण घेऊन मोकळी. माझ्याकडे क्यू आला की यू येत नाही.

अमुक अक्षरं असलेले, अमुक अक्षरानं संपणारे, किंवा अमुक अक्षर आहे पण तमुक नाही, असे शब्द शोधायची नीट पद्धत कोणती? डाव चालू असताना बघणार नाही, शपथ. अभ्यासासाठीच हवंय.

शिवाय लेक वर्डल खेळते (सहा संधींत पाच अक्षरी शब्द ओळखायचा; अक्षर जागेवर असेल तर हिरवं, दुसऱ्या जागी असेल तर पिवळं, नसेल तर करडं). "बाबा, तिसरं ए, शेवटी वाय, आर कुठेतरी आहे, सांग" असं भाजी आणायला निघताना विचारते. त्यावरही कुणी बोललं तर बरं.

(शब्द सांगताना स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी लिहा, नाहीतर उच्चारावरून घोळ होईल.)

---

उन्हाळी_आंबा

लेकीला सांगा: क्रेझी, ग्रेव्ही, डायरी, विअरी. चारही बसतात. कुठलं ते पिवळ्या-करड्या चौकोनांवरून तिनंच ठरवावं.

शोधायच्या साइट ढिगानं आहेत. सगळीकडे साधारण तेच रकाने असतात: सुरुवात, शेवट, मधे असलेली अक्षरं, नसलेली अक्षरं, लांबी. वनलुकवर प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं, एवढं लक्षात ठेवलं की काम होतं.

पण त्याआधी तुमचं ॲप कुठला शब्दकोश धरतं ते बघा. अमेरिका-कॅनडाची यादी वेगळी. भारतासकट बाकी बहुतेक जग कॉलिन्स शब्दकोशाच्या यादीवर खेळतं, आणि ती यादी खूप मोठी आहे, पावणेतीन लाखांच्या वर शब्द. 'झो' (झेड-ओ, याक आणि गाय यांचा संकर) कॉलिन्सला चालतो, अमेरिकेत नाही. भलत्या यादीवर पाठांतर केलंत तर बहीण तिकडून हसेल.

---

सुमाक्का

सातफरशा, तुमची आतेबहीण बरोबर खेळते आहे. बरीच वर्षं खेळते आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक आधी लांब शब्दांच्या मागे लागतात. ते नंतर. आधी दोन अक्षरी शब्द तोंडपाठ हवेत. कॉलिन्समध्ये ते १२७ आहेत, अमेरिकेच्या यादीत त्याहून वीसेक कमी. पाढे पाठ केलेल्या माणसाला हे जड नाही. यांचा उपयोग नुसता लावण्यापुरता नसतो. दुसऱ्याच्या शब्दाला समांतर, अगदी चिकटून आपला शब्द ठेवता येतो आणि प्रत्येक जोडीचे गुण मिळतात. 'ची'चंच बघा. क्यूचे १०, आयचा १. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात (तिथे त्या अक्षराचे गुण तिप्पट होतात) पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे 'ची' झाला, तर ३१ आणि ३१ मिळून ६२. दोन-तीन फरशांत!

आता तुमचा यू-शिवायचा क्यू. इथे आपल्याला आयता फायदा आहे, कारण यातले बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेत आणि आपल्या कानावर लहानपणापासून आहेत. कॉलिन्समध्ये चालणारे सांगते: फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए, यात यू आहे, पण क्यूच्या आधी), निकाब (एन-आय-क्यू-ए-बी), वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ), कव्वाली (क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय). कव्वाली नेमकी सात अक्षरांची. सातही फरशा एका दमात लावल्या की वर ५० गुण मिळतात. अर्थात पिशवीत डब्ल्यू दोनच असतात, त्यामुळे तो योग कधी यायचा ते देव जाणे. परके पण उपयोगी: कॅट (क्यू-ए-टी), कनात (क्यू-ए-एन-ए-टी, इराणकडचे जमिनीखालचे पाण्याचे बोगदे; आपल्या तंबूच्या कनातीशी घोळ करू नका), ट्रँक (टी-आर-ए-एन-क्यू).

तसंच जे. जे-नं संपणारे इंग्रजी शब्द आठवा म्हटलं तर भलेभले गप्प होतात. आपल्याला मात्र लगेच आठवतात: राज, ताज, हज, स्वराज. सगळे चालतात. आणि राजचं कौतुक असं की त्याला मागे ए लावला की राजा, मग एच लावला की तोच राजा इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगमध्ये, मग एस लावून अनेकवचन. समोरच्यानं राज मांडला की शेपूट वाढवत बसा. याला हुक म्हणतात. पुढूनही हुक लागतो: हॅटला पुढे जी लावला की घाट.

डी-एच आणि बी-एचनं सुरू होणारे शब्द शोधून बघा एकदा. धोबी, धोतर (डी-एच-ओ-टी-आय), धरणं, ढोल, भांग, भजी, भेंडी. चाळ (सी-एच-ए-डब्ल्यू-एल) चालते. घेराव, हरताळ, बंद, लाख, कोटी (सी-आर-ओ-आर-ई), ज्वारी, बाजरी, नाचणी (आर-ए-जी-आय), खरीप, रब्बी, सगळं चालतं. बी-एच-ई-एल चालतो, पण भेळ म्हणून नव्हे हं. ते बेलाच्या झाडाचं स्पेलिंग आहे.

---

टोपणनाव_सापडेना

वाचनखूण साठवली. सुमाक्का, रब्बीचं स्पेलिंग?

---

सुमाक्का

आर-ए-बी-आय. एकच बी.

---

खवट_खोबरं

सगळं छान आहे, पण याला इंग्रजी येणं म्हणायचं का? अर्थ माहीत नसलेल्या शब्दांची यादी घोकायची आणि दुसऱ्याला हरवायचं. यापेक्षा रमीत पानं लक्षात ठेवावीत.

---

सुमाक्का

खवटराव, इंग्रजी येणं नाहीच म्हणायचं. वेगळा खेळ आहे तो, आणि तुमच्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या मुंबईत येऊन गेलाय. २००७ ची जागतिक स्क्रॅबल स्पर्धा मुंबईत झाली आणि न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं ती जिंकली. पुढे याच माणसानं २०१५ मध्ये फ्रेंचमधली जागतिक स्पर्धा जिंकली. फ्रेंच बोलता येत नसताना! शब्दकोश पाठ केला, बस. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. त्याच्या दृष्टीनं शब्द म्हणजे कुठली अक्षरं कुठल्या क्रमानं चालतात एवढंच.

मी मात्र अर्थ बघते. अर्थ कळला की माझ्या डोक्यात शब्द टिकतो. ए-आय म्हणजे तीन नख्यांचा स्लॉथ हे एकदा वाचलं, परत विसरले नाही. हल्ली नातू म्हणतो, आजी, ते कॉम्प्युटरवालं एआय. ते लघुरूप म्हणून नाही चालत, स्लॉथ म्हणून चालतं.

---

घड्याळजी

माझा पेशा प्रोग्रामिंगचा, त्यामुळे साइट शोधण्यापेक्षा यादीच उतरवून घ्यावी या मताचा आहे. 'एनेबल' नावाची शब्दयादी कुणालाही फुकट वापरता येते, १ लाख ७२ हजारांहून जास्त शब्द आहेत. स्क्रॅबलच्या अधिकृत याद्यांशी ती तंतोतंत जुळत नाही, पण सरावाला पुरते.

कोड येत नसेल तर एक्सेलही चालेल. एका स्तंभात सगळी यादी टाका (एक्सेलला दहा लाखांहून जास्त ओळी झेपतात), फिल्टर लावा, कस्टममध्ये दोन अटी घाला: क्यू असलेले, आणि क्यू-यू ही जोडी नसलेले. सुमाक्कांनी सांगितलेल्या मंडळींपैकी बरीच समोर येतील. शेवटी जे असलेले काढायला 'एंड्स विथ'. इतकं सोपं आहे.

अक्षरांची उलटापालट करून शब्द शोधायचे असतील तर जुनी युक्ती अशी. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमानं लावायची. लिसनची (एल-आय-एस-टी-ई-एन) झाली ई-आय-एल-एन-एस-टी. सायलेंटचीही तीच. टिन्सेल, एनलिस्ट, इनलेट्स यांचीही तीच. म्हणजे हा क्रम म्हणजे किल्ली, आणि एका किल्लीखाली सगळे भाऊबंद गोळा. तुमच्या सात फरशा त्याच क्रमात लावायच्या आणि किल्ली जुळते का बघायचं. एकदा कोश तयार झाला की उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. कोरी फरशी असेल तर तिच्या जागी २६ अक्षरं एकेक करून घालून बघायची, तेही क्षणात होतं.

अमुक अक्षरांपैकीच बनलेले शब्द हवे असतील तर आणखी मजा आहे. २६ अक्षरांना २६ बिट. शब्दात अक्षर आहे तर १, नाही तर ०. शब्द म्हणजे एक आकडा झाला. मग 'या शब्दात बाहेरचं अक्षर आहे का' हा प्रश्न दोन आकड्यांच्या एका क्रियेत सुटतो. फक्त यात एखादं अक्षर किती वेळा आलं ते हरवतं, म्हणून स्क्रॅबलला वेगळी मोजणी ठेवावी लागते. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बीला मात्र हे अगदी चपखल, कारण तिथे अक्षर कितीही वेळा वापरता येतं.

---

ह्यूस्टनचा_पाऊस

स्पेलिंग बीचं नाव निघालंच आहे तर. सकाळच्या कॉफीबरोबर आमच्या घरी हाच वाद असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधमाशांच्या पोळ्यासारखी सात घरं, सात अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, शब्द किमान चार अक्षरांचा. चार अक्षरी शब्दाला १ गुण, पुढे जितकी अक्षरं तितके गुण. सातही अक्षरं वापरणारा शब्द म्हणजे पॅनग्राम, त्याला वर ७.

यात एस जवळजवळ नसतोच, नाहीतर सगळ्यांनी अनेकवचनांवरच भागवलं असतं. त्यामुळे शोधायची सवय बदलावी लागते. आय-एन-जी दिसले की आधी सगळी क्रियापदं काढून घ्यायची. ई-डी असेल तर भूतकाळ. मग आर-ई, यू-एन असे उपसर्ग.

वैताग एकच. संपादक आपल्या पसंतीनं शब्द ठेवतो. डाळ, नान घेतले आणि रोजच्या जेवणातलं दुसरं काही टाकलं की "शब्द यादीत नाही" असं येतं. मग नवऱ्याचं भाषण सुरू.

---

पाटीपुस्तक

वर्डलबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी.

जॉश वॉर्डलनं हा खेळ मुळात त्याची जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या आसपास. त्यातले ओळखीचे कुठले ते तिनं निवडले आणि उत्तरांची यादी दोन हजार तीनशेच्या आसपास उरली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला, २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला.

याचा शोधाशी संबंध असा की शोधयंत्र तुम्हाला बारा हजारांतले शब्द देतं, उत्तर मात्र ओळखीच्या दोन-अडीच हजारांतलं असतं. तेव्हा यादीतला चमत्कारिक शब्द दिसला की सोडून द्यायचा. सुमाक्कांचा कनात इथे कामाचा नाही. नुसता एस लावून झालेली अनेकवचनंही त्या मूळ उत्तरांत जवळजवळ नव्हती, त्यामुळे शेवटच्या घरात एस वाया जातो. वाय आणि ई तिथे जास्त येतात.

सुरुवातीला सगळे 'अ‍ॅड्यू' (ए-डी-आय-ई-यू) टाकतात, चार स्वर एकदम कळतात म्हणून. मला ते पटत नाही. स्वर कळून शब्द सापडत नाही, व्यंजनं कळली की सापडतो. 'स्लेट' किंवा 'क्रेन' बरे.

आणि खरी मारामारी शेवटी असते. समजा, पहिलं अक्षर सोडून ए-टी-सी-एच चारही हिरवे झाले. आता बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. सात उरले आणि तुमच्या संधी तीन. एकेक करत बसलात तर नशिबावर. त्याऐवजी मुद्दाम 'क्लाइंब' (सी-एल-आय-एम-बी) टाका. हे उत्तर नाही हे माहीत आहे, पण एका फटक्यात चार शब्दांचा निकाल लागतो. सी हिरवा झाला तर कॅच. एल, एम, बी यांतला जो पिवळा झाला तो शब्द. यातलं काहीच झालं नाही तर उरले हॅच, पॅच, वॉच. तीन शब्द आणि दोन संधी, म्हणजे पुढचा पुन्हा मुद्दाम: 'व्हिप्स' (डब्ल्यू-एच-आय-पी-एस). डब्ल्यू हिरवा तर वॉच, पी पिवळा तर पॅच, दोन्ही करडे तर हॅच. शेवटच्या संधीत पक्कं उत्तर.

हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही, कारण तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात. म्हणून तिथे असल्या शेपटाच्या शब्दांत लवकर शिरायचंच नाही. आय-जी-एच-टी हा दुसरा सापळा: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट.

---

सातफरशा

पाटीपुस्तक, क्लाइंबची युक्ती लेकीला वाचून दाखवली. "हे मला आधी का नाही सांगितलं" असं मलाच ऐकवलं.

घड्याळजी, एक्सेल जमलं. क्यूची यादी काढून फ्रीजवर लावली आहे. बायको म्हणते, किराणा कुठे लिहू?

---

बेकरी_लेन

अवांतर: हे सगळं मराठीत का नाही करत कुणी? आपण मराठी संस्थळावर इंग्रजी अक्षरं मोजतोय.

---

घड्याळजी

करता येईल, पण 'अक्षर' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागेल. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीनं एक अक्षर. संगणकाच्या दृष्टीनं सहा खुणा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. एका चौकोनात सगळं बसवलं तर शक्य अक्षरं हजारोंनी होतात आणि 'हे अक्षर शब्दात आहे' या सूचनेला फारसा अर्थ राहत नाही. सुटं केलं तर वेलांटीची वेगळी फरशी घेऊन बसायचं.

---

व्यवस्थापक

मराठी शब्दखेळांसाठी वेगळा धागा काढावा. चांगला विषय आहे, इथे हरवेल.

---

खवट_खोबरं

एक विचारतो. डाव चालू असताना दुसऱ्या खिडकीत साइट उघडी ठेवणारे किती? खरं सांगा. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंचं स्क्रॅब्युलस (स्क्रॅबलसारखाच ऑनलाइन खेळ) फेसबुकवर होतं तेव्हा ऑफिसात निम्मे लोक हेच करायचे. २००८ मध्ये स्क्रॅबलचे अमेरिकेतले हक्क असलेल्या हॅस्ब्रो कंपनीनं खटला भरला आणि तो खेळ त्या नावानं गेला, सवय मात्र राहिली.

---

उन्हाळी_आंबा

समोरासमोर खेळताना नियमच असा आहे की शंका आली तर हरकत घ्यायची आणि मगच शब्द तपासायचा. शब्द चुकीचा निघाला तर तो उचलायचा. त्यामुळे खोटा शब्द आत्मविश्वासानं मांडणं हाही खेळाचाच भाग आहे. ॲप तुम्हाला चुकीचा शब्द मांडूच देत नाही, मग लोक अंदाजानं अक्षरं टाकत राहतात. माझ्या मते मजा तिथेच गेली. साइट उघडी ठेवणं ही पुढची पायरी.

आमच्यात ठरलंय: डाव संपल्यावर दोघांनी मिळून बघायचं की कुठल्या फरशांत काय सुटलं. शोधयंत्राचा खरा उपयोग तिथे होतो.

---

सुमाक्का

सहमत. मी झिझिव्हा नावाचं शब्दसरावाचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट मिळतं. आर-ई-टी-आय-एन-ए ही सहा अक्षरं हातात आली की सातवं कुठलं चालेल याचा सराव घेते. एस आला तर रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर असे कितीतरी होतात. ही सहा अक्षरं का, तर पिशवीत तीच भरपूर आहेत: ई १२, ए आणि आय ९-९, आर, एन, टी ६-६. स्क्रॅबलचा जनक अल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या वास्तुविशारदानं मंदीच्या काळात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं. एस त्यानं मुद्दाम चारच ठेवले. म्हणून एस हातात आला की पाच-सात गुणांसाठी उडवू नका.

---

सातफरशा

सुमाक्का, आत्ताचा डाव मेव्हण्यानं सोडून दिला, त्यामुळे विचारायला हरकत नाही. हातात ए, ए, आय, आय, एल, ओ, ई. सहा स्वर. मी फरशा बदलून घेतल्या. काही होत होतं का?

---

सुमाक्का

होत होतं की. आलिई (ए-ए-एल-आय-आय), हवाईकडचं झाड आहे. पण तो लावला तर हातात ओ-ई उरतात. त्यापेक्षा आयोली (ए-आय-ओ-एल-आय), लसणाचं मेयोनीज. तिथेही पाचच फरशा जातात, पण मागे ए-ई राहतात, आणि पुढच्या अक्षरांशी त्यांचं चांगलं जमतं. बोर्डवर आर किंवा टी मोकळा होता का?

---

सातफरशा

टी होता. उजव्या कडेला, तिप्पट शब्दाच्या घराशेजारी.

---

सुमाक्का

मग पूर्ण बोर्डाचा फोटो टाका. तिथे आणखी काही बसलं असतं.